सदतीस पायऱ्या

आज सकाळी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत मला आईवरून शिवी मिळाली. मराठी विकिपीडियावर, माझ्या चर्चापानावर. ‘म्हातारे, भाकऱ्या थाप, आम्हाला गाव शिकवू नको’ हा त्यातला इथे लिहिता येण्यासारखा भाग. गुन्हा काय, तर आमच्या गावाच्या पानावर ‘प्रसिद्ध व्यक्ती’मध्ये कुणीतरी पाच भावी सरपंच घातले होते, ते मी काढले. चौकात फ्लेक्सला जागा उरली नाही म्हणून आता ज्ञानकोशात लावताय का रे?

(गावाचं नाव सांगणार नाही. तुमच्यातलेच चौघे आत्ता जाऊन काहीतरी खरडतील.)

शिवीचं एक बरं असतं, ती दिसते. कुणीतरी उलटवतं, विषय संपतो. २०२२ च्या आशिया चषकात अर्शदीपच्या हातून झेल सुटला आणि त्याच्या इंग्रजी पानावर खलिस्तान घुसडलं गेलं. काही मिनिटांत ते निघालंही. सरकारने जाब विचारला तो नंतर.

मला खुपतात ते गुपचूप येणारे.

आमच्या गावात एक बारव आहे. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारखं तिचं नाव नाही, पण आमची आहे. पान लिहायचं ठरलं तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी पायऱ्या मोजल्या. ते वरून मोजत उतरले, मी खालून मोजत चढले. दोघांचेही ३७. गुडघे दुखत असताना माझ्या बापाने तीनदा मोजल्या, कारण ‘छापायचं तर नीट छाप’.

काही महिन्यांनी कुणीतरी ३७ चे ७३ केले. कारण काय लिहिलं? ‘शुद्धलेखन’! बदलांच्या यादीत मजकूर किती वाढला-घटला तेवढंच दिसतं; ही नुसती आकड्यांची अदलाबदल, त्यामुळे फरक शून्य. लाल नाही, हिरवा नाही. नऊ महिने ते तसंच राहिलं. मीही पाहिलं नाही, दादा तेव्हा दवाखान्यात होते.

मग एका पुरवणीत लेख आला, ‘७३ पायऱ्यांची बारव’. कुठून उचललं ते सांगायला नको. मी पानावर परत ३७ केलं, तर एका जुन्या संपादकाने ते परतवलं. छापील संदर्भ ७३ चा आहे, तुमच्याकडे काय आहे? अहो, मी मोजल्यात! तर म्हणे स्वतःची मोजणी चालत नाही.

नियम बरोबर आहे, मान्य. नाहीतर ते पाच भावी सरपंचही म्हणतील, आम्ही प्रसिद्ध आहोत हे आम्ही स्वतः पाहिलंय. पण दादांचे गुडघे खोटे आणि पुरवणी खरी, हे मला अजून गिळवत नाही.

कुणीतरी म्हणेलच, खातं नसलेल्यांना लिहूच देऊ नका. माझं पहिलं संपादन मीही खातं न उघडता केलं होतं, तेव्हा गप्प बसते. इंग्रजीत असला उत्पात हुडकायला २०१० पासून क्लूबॉट एनजी नावाचा आपोआप चालणारा प्रोग्राम बसलाय. आपल्याकडे मूठभर माणसं, नोकरी-घर सांभाळून, रात्री अकराला. आणि तुम्ही? २७ फेब्रुवारीला मराठीच्या नावाने स्टेटस ठेवता. ‘इतिहास पहा’ हे बटण आयुष्यात एकदा तरी दाबलंय का? चुकलेलं दिसलं की स्क्रीनशॉट काढून हसता फक्त.

असो. फार बोलले.

दुपारी त्या शिवीवाल्याचं योगदान उघडून पाहिलं. तडीपार करा म्हणून प्रचालकांना, म्हणजे खाती बंद करू शकणाऱ्यांना, लिहायचं होतं, त्यासाठी पुरावा हवा. त्याचं पहिलं संपादन काय होतं माहितीये? ‘गावात पहिली एसटी सकाळी साडेसहाला येते.’ खरं आहे. मी त्याच एसटीने कॉलेजला जायचे. वेळापत्रक ज्ञानकोशात बसत नाही, तरी ते वाक्य मी काढलं नाही. प्रचालकांना मात्र लिहिलंय. शिवी ती शिवीच.

बारवेच्या आकड्यावर तूर्त तह झालाय. ३७ नाही, ७३ नाही, ‘दगडी पायऱ्या आहेत’ एवढंच. रविवारी गावी जातेय, एकेक पायरी दिसेल असे फोटो काढून चढवणार आहे.

तेही अवघडच. दादा म्हणायचे, गाळ काढला तर खाली आणखी दोन-तीन पायऱ्या निघतील.