पार्किंगमधली भाटी

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या ताईच्या सोसायटीत येत्या सभेपुढे एक ठराव आहे: इमारतीत कुणीही मांजर पाळायचं नाही आणि आवारातल्या मांजरांना खायला घालायचं नाही. तक्रारी खोट्या नाहीत. गाड्यांच्या सीटवर ओरखडे, पार्किंगमध्ये मुताचा वास, रात्रभर बोक्यांची भांडणं. दुसऱ्या बाजूला चार-पाच घरं आहेत, त्यांना हा ठराव म्हणजे क्रौर्य वाटतं. ताईने दोन्हीकडचे मेसेज मला मेलबर्नला पाठवले आणि विचारलं, "तुझ्याकडे तर तीन आहेत. तिकडे कसं चालतं?"

मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात मांजर तीन महिन्यांचं झालं की त्याला मायक्रोचिप बसवून कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, नोंदवावं लागतं. दरवर्षी 10 एप्रिलपर्यंत शुल्क भरून नोंदणी नवी करायची, नसबंदी झालेली असेल तर शुल्क कमी. आमच्या कौन्सिलच्या हद्दीत दोनाच्या वर मांजरं ठेवायची तर वेगळा परवाना लागतो. सखू, म्हणजे तिसरी, आली तेव्हा कौन्सिलचा माणूस घर बघून गेला आणि शेजाऱ्यांनाही विचारलं गेलं. आम्ही भाड्याने राहतो; पण 2 मार्च 2020 पासून इथल्या घरमालकाला पाळीव प्राण्याला परस्पर नकार देता येत नाही. द्यायचाच असेल तर चौदा दिवसांत न्यायाधिकरणापुढे जाऊन कारण मांडावं लागतं.

आणि मांजर घरातच. कॅनबेराने तर 1 जुलै 2022 पासून जन्मलेल्या प्रत्येक मांजराला आवाराबाहेर सोडायला बंदी केली. यामागे पक्षी आहेत, आणि जमिनीवर वावरणारे इथले छोटे प्राणी. मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगरात शेरब्रूकचं जंगल आहे. तिथे लायरबर्ड राहतो. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारा हा पक्षी पालापाचोळा उकरत जमिनीवरच फिरतो. अशा पक्ष्यापुढे मोकळी मांजरं सोडायला माझंही मन धजणार नाही.

तरी पहिल्यांदा मी दार लावून घेतलं तेव्हा मला अपराधी वाटलं. "कोंडून ठेवतेस होय गं?" आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. मिरजेच्या आमच्या घरी मांजर कधी कोंडलेलं नव्हतं. माळ्यावर भाटी, म्हणजे मांजरी, विणायची, पिलांना सात घरं फिरवायची, संध्याकाळी दूधपोळीला हजर व्हायची. ती आमचीही होती आणि सगळ्या गल्लीचीही. त्या आठवणीवर माझं फार प्रेम आहे, म्हणूनच तिच्यातला उरलेला भागही सांगायला हवा. वर्षाला दोनदा तरी पिलं व्हायची. त्यातली एखाद-दोन राहायची, बाकीची कुणीतरी पोत्यात घालून मंडईजवळ सोडून यायचं. मी आठ वर्षांची असताना त्या पोत्यामागे रडत गेले होते. आमच्या मोकळ्या मांजरांपैकी एकही म्हातारं झालेलं मला आठवत नाही. माझी मनी आता चौदा वर्षांची आहे.

घरातल्या घरात तीन मांजरं सुखी ठेवणं हे मात्र रोजचं काम आहे. तीन मांजरांना शी-शूसाठी वाळूच्या चार पेट्या (लिटर बॉक्स), त्याही एका रांगेत नाही, वेगवेगळ्या खोल्यांत. नाहीतर एखादं वाट अडवून बसतं आणि दुसरं गादीवर मुततं. सखूला पहिले तीन आठवडे बंद खोलीत ठेवलं, तिची चादर बाकीच्या दोघांना हुंगायला दिली, मग दाराच्या दोन बाजूंना ताटल्या, मग हळूहळू दार किलकिलं. एवढं करूनही आमच्या बोक्याने, ढब्बूने, मनाला लावून घेतलं. तो सारखा बॉक्सवर जाऊन कुंथत होता आणि थेंबही होत नव्हता. बोक्याची लघवी अशी अडली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मध्यरात्री दवाखाना गाठला, नळी घातली, तीन दिवसांनी तो घरी आला. बिल फेडायला चार महिने लागले. तेव्हापासून त्याच्यासाठी कपाटावर वेगळी जागा आहे, तिथे सखूला मी चढू देत नाही. घरात लिलीचं फूल येत नाही, त्याचे परागकणसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात. दूधपोळीही बंद, कारण मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते मांसातूनच मिळतं.

आणि जूनमधल्या थंड सकाळी ही तिघं एकाच रजईवर, एकमेकांना न शिवता पण हाताच्या अंतरावर झोपलेली दिसतात, तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. सखू ढब्बूचे कान चाटायला लागली तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

म्हणून ताईच्या सोसायटीतल्या दोन्ही बाजूंशी माझं भांडण आहे. सरसकट बंदी करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना सांगतात की बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांना मज्जाव करता येणार नाही. पण 'आमचं प्रेम आहे' एवढ्यावरही भागत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं असल्याची तक्रार झाली आणि महापालिकेला नोटीस द्यावी लागली. तेव्हा सगळी चर्चा वासाची आणि शेजाऱ्यांची झाली. त्या मांजरांना निवांत बसायला कोपरा होता का, हे मला कुणी विचारलेलं दिसलं नाही. दोन मांजरांनंतर परवाना मागणारं कौन्सिल मला जाचक वाटत नाही, ते मांजराच्या बाजूचं वाटतं.

इथे सगळं बरं आहे असंही नाही. पुण्याला यायचं तर तिघांना पैसे मोजून मांजरांच्या वसतिगृहात ठेवावं लागतं; ताई गावाला गेली की तिच्याकडे मांजराचं बघायला समोरच्या काकू किल्ली घेऊन दोन्ही वेळा येतात. आईचा काळू मला इकडे आणता आला नाही, कारण भारतातून मांजर थेट ऑस्ट्रेलियात आणायला परवानगीच नाही. तो तिच्या पायाशीच गेला.

ताईला मी लिहून पाठवलंय: बंदीऐवजी घरटी मांजरांची संख्या ठरवा, नसबंदी आणि लस सक्तीची करा, बाल्कनीला मजबूत जाळी लावायला सांगा, कबुतरांसाठीची पातळ जाळी मांजर फाडतं. खायला घालण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवा, आणि जे घालतील त्यांनी तिथली साफसफाई करायची. आवारातल्या मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढा, माझा वाटा मी आजच पाठवते.

सभा रविवारी आहे. काल ताई म्हणाली, पार्किंगमधल्या भाटीचं पोट परत दिसायला लागलंय.