आर्मेनियाने आणखी किती ऐकायचं होतं?

"एवढ्याएवढ्याशा देशांनी रशियाशी पंगा घ्यायचाच कशाला? आधी जॉर्जिया, मग युक्रेन, आता आर्मेनिया. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यावर दुसरं काय होणार?"

अण्णांचं हे वाक्य पडलं आणि कट्टा पेटला. विषय निघाला होता पिनाकाचा. अण्णांची सगळी नोकरी दारूगोळा कारखान्यात गेली. आपल्या पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेत, आखलेली ही रॉकेटप्रणाली २०२२ साली आर्मेनियाने विकत घेतली, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. पण जन्मभर रशियन शस्त्रं वापरणारा देश अचानक आपल्याकडे का वळला, ते मात्र त्यांना ऐकून घ्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, "अण्णा, आर्मेनियाने पंगा घेतलाच नव्हता. उलट त्याच्याइतकं निमूट रशियाचं कुणीच ऐकलं नसेल. ग्युम्रीत रशियाचा लष्करी तळ, त्याची मुदत २०१० साली २०४४ पर्यंत वाढवून दिली. तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेवर पहारा रशियाचा. गॅस रशियाच्या सरकारी गाझप्रोम कंपनीचा, गॅसवाटपाची कंपनीही गाझप्रोमची. रेल्वे २००८ पासून रशियन रेल्वेकडे चालवायला. मेत्सामोरच्या अणुवीज केंद्राला इंधन रशियाचं. आता काय द्यायचं शिल्लक होतं?"

"मग ठीकच होतं की."

"२०१३ आठवा. युरोपियन युनियनबरोबरचा करार जवळजवळ तयार होता, बोलणी पूर्ण झालेली. ३ सप्टेंबरला अध्यक्ष सर्झ सार्गस्यान मॉस्कोत पुतिनना भेटले आणि तिथूनच जाहीर केलं, की आम्ही रशियाच्या सीमाशुल्क संघात येतोय. नाक दाबलं, तोंड उघडलं. याहून जास्त कसं ऐकायचं?"

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते इतिहास शिकवतात आणि एका बाजूचं ऐकून कधी मान डोलवत नाहीत. म्हणाले, "थांबा. आर्मेनियाला एवढं गरीब गाय करू नका. नागोर्नो-काराबाख हा आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ भाग, पण आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचाच. १९९४ च्या युद्धबंदीनंतर आर्मेनियन फौजांनी काराबाखच्या भोवतालचे जिल्हेही ताब्यात ठेवले. तिथले लाखो अझरबैजानी परागंदा झाले, पाव शतक परत जाऊ शकले नाहीत. ते माणसं नव्हते का?"

होते. हे बोलल्याशिवाय आर्मेनियाची बाजू मांडणं अप्रामाणिक ठरतं, आणि कट्ट्यावर कुणी ते नाकारलं नाही. पण मला वाटतं मास्तरांच्या मुद्द्यामुळेच खरी गोष्ट उघडी पडते.

२०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात तुर्की बायरक्तार ड्रोननी आर्मेनियाचे रणगाडे आणि तोफा टिपून काढल्या, तेव्हा रशियाने हेच कारण सांगितलं: लढाई काराबाखमध्ये आहे, आर्मेनियाच्या हद्दीत नाही, म्हणून संरक्षणाचा करार लागू होत नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र अझरबैजानने थेट आर्मेनियावर हल्ला केला. गोळे पडले ते जेर्मुक, गोरिस, सोट्क या गावांवर. यातलं एकही काराबाखमध्ये नाही. जेर्मुक तर गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, तिथे लोक हवापालटाला जातात. दोन दिवसांत आर्मेनियाची दोनशेहून जास्त माणसं गेली.

आता सामूहिक सुरक्षा करार संघटनेचं, म्हणजे सीएसटीओचं, कलम चार काय म्हणतं? एका सदस्यावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. आर्मेनियाने ते कलम पुढे करून मदत मागितली. संघटनेने पाठवलं काय, तर पाहणी पथक! काय झालंय ते बघायला!

"पथक?" पक्याने विचारलं. "सैन्य नाही?"

"सैन्य नाही."

त्याच नोव्हेंबरात या संघटनेची शिखर परिषद आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्येच झाली. तिचं चित्रीकरण मी पुन्हा पुन्हा बघितलंय. यजमान, आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान जाहीरनाम्यावर सही करायला नकार देतात, कारण त्यात हल्लेखोराचं नावसुद्धा नाही. पुतिन यांच्या हातून पेन खाली पडतं, लुकाशेन्को हात पसरतात. त्या लुकाशेन्कोंच्या बेलारूसने याच संघटनेत बसून अझरबैजानला पोलोनेझ रॉकेटं विकली होती. रशियानेही टी-९० रणगाडे आणि स्मेर्च रॉकेटं अझरबैजानला विकली. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हेच. आणि वर, पैसे भरूनही रशियाकडून शस्त्रं पोचत नाहीत, ही तक्रार पाशिन्यान यांनी उघड केली. पिनाका तिकडे गेलं ते या पोकळीत, अण्णा.

अण्णा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "रशिया तेव्हा युक्रेनमध्ये अडकला होता."

"बरोबर. म्हणजे रक्षणकर्त्याला दुसरीकडे काम निघालं की तुमचा करार कागदावर. मी तेच तर सांगतोय."

पक्याची धाकटी बहीण जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला एमबीबीएस करते, महाराष्ट्रातली कितीतरी मुलं तिथे आहेत. तो म्हणाला, "मग जॉर्जियाने तर तुम्ही म्हणता तसं वागून बघितलं ना? पश्चिमेकडे गेला. काय मिळालं?"

रास्त प्रश्न. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केलं, की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील. कधी होतील ते सांगितलं नाही, सदस्यत्वाची तयारी योजनाही दिली नाही. माझ्या मते याहून वाईट निर्णय घेता आला नसता. रशियाला चिडवण्यापुरतं आश्वासन, जॉर्जियाला वाचवण्यापुरतं काहीच नाही. ऑगस्टमध्ये पाच दिवसांचं युद्ध झालं आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा, अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया, रशियाच्या ताब्यात गेला. खुरवालेती गावात तर काटेरी तार गावातूनच ओढली आहे. शेजारी पलीकडच्या बाजूला गेले.

"तरी तिथली पोरं युरोपचा झेंडा घेऊन उभी राहतात," पक्या म्हणाला. "सरकारने युरोपशी प्रवेशाची बोलणी २०२८ पर्यंत थांबवली, तेव्हा रुस्तावेली रस्त्यावर रोज रात्री गर्दी. बहीण सांगायची, पाण्याचे फवारे सोडत होते, तेही ऐन थंडीत."

मनीषाताई मघापासून अस्वस्थ होत्या. "तुमचे करार, कलमं सगळं ऐकलं. त्या काराबाखच्या लोकांचं काय झालं?"

आधी रस्ता बंद झाला. काराबाखला आर्मेनियाशी जोडणारी लाचिनची एकुलती वाट डिसेंबर २०२२ पासून अझरबैजानच्या बाजूने अडवली गेली, आणि ती राखायला नेमलेले रशियन शांतिसैनिक तिथेच उभे होते. नऊ महिन्यांत दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसात लढाई संपवली आणि आठवडाभरात लाखभर माणसं घरदार सोडून आर्मेनियात आली. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

ताई म्हणाल्या, "मास्तर, तुमचे अझरबैजानी आणि हे आर्मेनियन, दोघंही घराला मुकले. आणि ज्यांनी शस्त्रं विकली त्यांचं एक कौल हललं नाही." मास्तरांनी मान हलवली. यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

अण्णांनी मग एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या बाल्टिक देशांचा दाखला काढला, ते तर सुटले की! सुटले, पण २००४ साली नाटोत गेले तेव्हा रशिया दुबळा होता आणि त्यांच्या भूमीवर असा पेटता सीमावाद नव्हता. ती खिडकी आर्मेनियाला कधी उघडलीच नाही. चार शेजारी: तुर्कस्तानने १९९३ पासून सीमा बंद केलेली, अझरबैजानची त्याआधीपासून बंद, उरले इराण आणि जॉर्जिया. अशा घराने पक्ष निवडायचा म्हणजे काय निवडायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे, की आर्मेनियाची चूक रशियाला निवडण्यात नव्हती. गॅस, रेल्वे, सीमा, शस्त्रं या सगळ्या किल्ल्या एकाच्या खिशात टाकण्यात होती. आता आर्मेनिया एकेक किल्ली परत मागतोय. जुलै २०२४ अखेर येरेवानच्या झ्वार्त्नोत्स विमानतळावरून रशियन सीमारक्षक गेले, मग इराणच्या सीमेवरच्या अगारक नाक्यावरून. सीएसटीओतला सहभाग गोठवला. शस्त्रं फ्रान्सकडून आणि आपल्याकडून, सीमेवर युरोपचे निरीक्षक. गॅस आणि रेल्वे मात्र अजून तिथेच.

"आणि ट्रम्पचा रस्ता?" मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला ठरलं, की अझरबैजानमधून नाखिचेवानला, म्हणजे त्याच्याच तुटून पडलेल्या भागाला, जाणारी वाट दक्षिण आर्मेनियातून, मेघ्रीजवळून काढायची. बांधणी अमेरिकेच्या भागीदारीत, नावही ट्रम्प यांचं, हद्द आणि कायदा आर्मेनियाचा. मास्तरांना वाटतं, रशियाची किल्ली काढून अमेरिकेच्या खिशात घातली. इराणला ते खुपणार, आणि अमेरिकेचं लक्ष उद्या दुसरीकडे गेलं तर पुन्हा पाहणी पथकच यायचं.

मला तसं वाटत नाही. निदान या वेळी रस्ता आर्मेनियाच्या कायद्याखाली राहील असं लिहून घेतलंय, आणि दुसऱ्या बाजूला अझरबैजानलाही त्याची गरज आहे. दोघांच्या गरजेवर उभा रस्ता एकाच्या मेहेरबानीवर उभ्या तळापेक्षा टिकाऊ. मास्तर म्हणाले, लाचिनचंही लिहूनच घेतलं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा मात्र आता पक्याला विचारत होते, की तिबिलिसीहून येरेवान किती तासांवर आहे.