आजारी पडा, पण तिजोरीला झळ नको

मन बिघडवून घ्यायचा विचार पक्का असेल तर आधी आपला पत्ता तपासा. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी कुठे राहत असाल तर हरकत नाही. तिथे इंग्रजांनी मनोरुग्णालयं बांधून ठेवली आहेत आणि त्यांच्या त्या पुण्याईवर आपण कित्येक दशकं निभावली. मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात राहत असाल तर मात्र थोडं सबुरीनं घ्या.

आणि वार पाळा. तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते दारावर लिहिलेलं असतं. भास, घबराट, रात्र रात्र झोप न लागणं, काय असेल ते त्या वारी बारा वाजायच्या आत उरकून घ्या. अंगात येणारी देवीसुद्धा अमावास्या-पौर्णिमा बघून येते. तुम्हाला एक मंगळवार पाळायला काय होतं?

रोजंदारी बुडवून, एसटीनं येऊन, केस पेपर काढून तुमचा नंबर लागेल. डॉक्टर भले असतात, फक्त त्यांना पुढचा तालुका गाठायचा असतो. मग औषधाच्या खिडकीतून चिठ्ठी आत जाते आणि तशीच बाहेर येते. एका गोळीभोवती निळ्या पेनानं गोल, शेजारी ‘बाहेरून घ्या’. ही गोळी मध्येच तुटली तर आजार उलटतो, हे तुम्हाला ठाऊक असतं आणि खिडकीलाही. तेव्हा घेत राहा. पैसे कुठून आणायचे, हा विषय आरोग्य खात्याचा नाही, बहुधा महसूल खात्याचा असावा.

या काळात २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचू नका, रक्तदाब वाढतो. त्याच्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या सरकारी यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर प्रत्येक सरकारी ठिकाणी सदासर्वकाळ फुकट मिळायला हवीत. सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्चही सरकारनं सोसायचा. वर, यासाठी बजेटात पुरेशी तरतूद करा, असंही त्यात लिहून ठेवलंय. कायदा करणाऱ्यांना कल्पनाशक्तीची देणगी होती, हे मान्य करायलाच हवं.

तरतूद आहेच म्हणा. केंद्राच्या आरोग्य बजेटात मनाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आणि त्यातला मोठा घास बंगळुरूच्या निम्हान्स या केंद्राच्या मानसोपचार संस्थेला. संस्था उत्तम आहे. २०१५-१६ मध्ये तिनंच पाहणी करून सांगितलं की मानसिक आजार असलेल्या दहातल्या आठांहून अधिक माणसांपर्यंत उपचार पोचत नाहीत. केवढी ही काटकसर! २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, २२,७४६. समुपदेशक नेमण्यापेक्षा शोकसंदेश स्वस्त पडतो.

विदर्भातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाबद्दल तर चारचौघांत बोलूच नका. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत तिथल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाला लावलं आणि दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे पसरलं तर लोक म्हणतील, आमच्या गावातही माणूस शिकवा, त्याला दरमहा मानधन द्या आणि ते वेळेवर द्या. या शेवटच्या मागणीचा शासनाच्या मनःस्वास्थ्यावर विपरीत परिणाम होतो.

१४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तेवढा जवळ ठेवा. तो फुकट आहे आणि खरंच लागतो. पण फोनवर धीर मिळाल्यावर ‘आता जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवा’ म्हणाले तर कोणत्या वारी, ते विचारून घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कृपा करून करू नका. दहा रुपयांचं तिकीट लावून तुम्ही विचाराल, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदं किती, भरलेली किती, वर्षभरात कोणती गोळी किती दिवस संपलेली होती. आणि सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात कुणाला तरी ते खरंच मोजत बसावं लागेल. तो कागद अधिवेशनाच्या तोंडावर विरोधी आमदाराच्या हाती पडला तर आणखी पंचाईत. त्यापेक्षा १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या जनजागृती फेरीत चाला. तिथे प्रत्येकाला टोपी मिळते, मोफत.