कोथिंबिरीच्या काढ्याने मूत्रपिंड ‘साफ’ होत नाही

‘क्रिएटिनिन वाढले असेल तर रोज सकाळी जुडीभर कोथिंबिरीचा काढा घ्या, चार-पाच लिटर पाणी प्या, रक्तदाबाच्या गोळ्या थांबवा, महिनाभरात किडनी साफ,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून काढतात तो टाकाऊ पदार्थ; मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. त्यातला प्रत्येक सल्ला तपासायला हवा.

मुळात साफ करण्याजोगा गाळ मूत्रपिंडात साचलेला नसतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, असतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाने त्यांतले जे कायमचे निकामी होतात, त्यांच्या जागी नवे तयार होत नाहीत. म्हणून उरलेले जपणे हाच उपचार आहे.

भाजीवर भुरभुरलेली कोथिंबीर सहसा बाधत नाही, परंतु जुडीभर उकळली की तिच्यातले पोटॅशियम काढ्यात उतरते. मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले असेल तर ते रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडून जीवही जाऊ शकतो. रोजचे शहाळे आणि पोटॅशियम क्लोराइड घातलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ यांचाही धोका हाच.

जास्त पाण्याविषयी कॅनडात प्रयोग झाला आहे. दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराच्या तिसऱ्या टप्प्यातील 631 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर अधिक पाणी पिण्यास प्रवृत्त केले गेले, तरी त्यांच्या मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही. निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. सूज असलेल्या रुग्णाला तर जादा पाणी अपायच करते.

गोळ्या थांबवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे गाळणीवरचा दाब उतरवून लघवीतून जाणारी प्रथिने कमी करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. ही वाढ 30 टक्क्यांच्या आत असेल तर सहसा औषध चालू ठेवतात आणि दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा तपासतात. नेमकी ही वाढ पाहून घाबरलेला माणूस अशा संदेशाला बळी पडतो. जुलाब-उलट्या होत असताना मात्र ही औषधे काही दिवस थांबवावी लागू शकतात. तेव्हा डॉक्टरांना लगेच विचारावे. खरोखर टाळायच्या असतात त्या गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या, आणि त्यांविषयी संदेशात अवाक्षर नाही.

‘आमचे क्रिएटिनिन उतरले’ असे अनुभव खोटेच असतील असे नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. खाणे कमी होऊन स्नायू झिजले तरी आकडा उतरतो. म्हणून ईजीएफआरसोबत (मूत्रपिंडे किती वेगाने रक्त गाळतात याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी गुणोत्तरही पाहावे लागते. ईजीएफआर 60 च्या खाली किंवा हे गुणोत्तर 30 (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर तीन महिने टिकले, तर तो दीर्घकालीन विकार समजतात.