कॅडची फाइल उघडेना? आधी फॉरमॅट मारा!

संध्याकाळी प्लॉट, म्हणजे छापील नकाशे, द्यायचे आहेत, साइटवरून फोनवर फोन येत आहेत, आणि ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग उघडण्याऐवजी पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवते. चौकटीत एक वाक्य असतं. ते वाचायचं नाही, हा पहिला नियम. ‘नॉट व्हॅलिड’ असेल तर फाइल बिघडली आहे किंवा नुसतीच नव्या आवृत्तीत सेव्ह झाली आहे; ‘इन यूज’ असेल तर ती दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवली आहे; ‘रिकव्हरी’ हा शब्द असेल तर सॉफ्टवेअर स्वतःच दुरुस्तीचा रस्ता दाखवतं आहे. तीन दुखणी, तीन उपाय. पण ओकेचं बटण तिन्हींना एकच असताना एवढ्या खोलात कशाला शिरायचं? ओके दाबा आणि फाइलवर पुन्हा डबलक्लिक करा, जरा जोरात.

फरक पडला नाही तर मदत मागा. स्क्रीनशॉट काढू नका, मोबाइलने फोटो काढा. तोही असा तिरका, की ट्यूबलाइटचा उजेड बरोबर एरर क्रमांकावर पडेल. खाली लिहा : ‘सर, फाइल ओपन होत नाहीये, अर्जंट.’ कोणती आवृत्ती, फाइल कुठून आली, काल चालत होती का, यातलं काही लिहायचं नाही. समोरच्याने विचारलं तर ‘काहीच केलं नाही, आपोआप झालं’ हे उत्तर तयार ठेवा. हे उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरच्या कुठल्याही आवृत्तीला चालतं.

आता प्रत्यक्ष फाइलकडे वळू. फोल्डर उघडलंत तर मूळ ड्रॉइंगच्या शेजारी त्याच नावाची, .बीएके शेपटीची एक फाइल दिसेल. प्रत्येक सेव्हच्या वेळी ऑटोकॅड आधीची प्रत या नावाने बाजूला ठेवतं. काही संशयी माणसं या फाइलची कॉपी करतात, कॉपीची शेपटी बदलून .डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची नेहमीची, करतात आणि शेवटचं सेव्ह सोडून बाकी सगळं काम जसंच्या तसं परत मिळवतात. यात दोन मिनिटंही जात नाहीत आणि कुणाला आपली धावपळ दिसतही नाही, त्यामुळे ही पद्धत टाळावी. .बीएके फाइली जागा खातात असं म्हणून त्या दर शनिवारी उडवून टाकणं उत्तम. उडवायच्या राहिल्याच असतील तरी काळजी नको. अर्धवट उघडलेली, निम्मे लेयर गायब झालेली ड्रॉइंग समोर आली की घाबरून लगेच कंट्रोल एस दाबायचं. एकदाच पुरतं. बिघडलेली फाइल .बीएके बनते, चांगली .बीएके तिच्याखाली गाडली जाते आणि प्रश्न कायमचा मिटतो.

दुसरा अडथळा ऑटोसेव्हचा. दर १० मिनिटांनी, तुम्ही न सांगता, हे सॉफ्टवेअर चालू कामाची एक प्रत टेम्प फोल्डरमध्ये टाकत असतं. शेपटी .एसव्ही$. ड्रॉइंग नीट बंद केली की ही प्रत आपोआप पुसली जाते. सॉफ्टवेअर कोसळलं तरच ती मागे उरते, म्हणजे नेमकी जेव्हा हवी असते तेव्हाच. हिलाही शेपटी बदलून उघडता येतं आणि ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर नावाची एक पट्टी तर अशा सगळ्या प्रती स्वतःहून मांडून दाखवते. ती पट्टी क्रॅशनंतर डाव्या बाजूला येते. तिला फुलीवर क्लिक करून घालवा. अर्धा पडदा अडवते. मग कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून टेम्प फोल्डर साफ करणारं एखादं सॉफ्टवेअर चालवा आणि ‘साडेतीन जीबी मोकळे झाले’ हा आकडा समाधानाने पाहा. त्या जीबींमध्ये तुमचं दुपारचं काम होतं, पण जागा झाली ना? पुढच्या वेळेसाठी सेव्हटाइम, म्हणजे ऑटोसेव्हचं अंतर, शून्य करून ठेवा. दर दहा मिनिटांनी क्षणभर अडकायचं, तेवढं तरी वाचेल.

फाइल ‘इन यूज’ आहे असं आलं, तर ऑफिसात उभं राहून मोठ्याने विचारा, ‘अरे, कोणी उघडलीय रे?’ कुणीच हो म्हणणार नाही. ज्याने उघडली आहे तो जेवायला गेलेला असतो. हूहॅज ही आज्ञा देऊन ड्रॉइंग निवडली की उघडणाऱ्याचं नाव आणि त्याचं मशीन दोन्ही कळतं, कारण ड्रॉइंग उघडताच शेजारी .डीडब्ल्यूएल नावाची कुलूपफाइल तयार होते आणि नोंद तिच्यात असते. कधी सॉफ्टवेअर कोसळतं आणि कुलूप मागे तसंच राहतं. मग फाइल खरोखर कुणाकडेच उघडी नाही याची खात्री करून ते पुसलं की काम भागतं. पण असं केलं तर ओरडण्यातला आनंद गेला. त्यापेक्षा रीड-ओन्ली उघडा, दिवसभर काम करा आणि सेव्ह करताना तिला दुसरं नाव द्या. जेवायला गेलेला माणूस परत आला की एकाच मजल्याच्या दोन ड्रॉइंग तयार असतात. कोणती खरी, ते साइटवर ठरेल.

आवृत्तीचा घोळ तर आणखी सोपा. .डीडब्ल्यूजी फाइलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडली तर पुढे सगळा अगम्य पसारा असतो, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी१०१५ म्हणजे २००० चा फॉरमॅट, एसी१०१८ म्हणजे २००४ चा, एसी१०२१ म्हणजे २००७ चा, एसी१०२४ म्हणजे २०१० चा, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा आणि एसी१०३२ म्हणजे २०१८ चा. सहा अक्षरं वाचली की फाइल बिघडली आहे की नुसती तुमच्या सॉफ्टवेअरपेक्षा तरुण आहे, हे बरेचदा तिथंच कळतं, आणि पाठवणाऱ्याला ‘जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून दे’ असा एक फोन पुरतो. पण फोन करणं म्हणजे आपल्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे हे कबूल करणं. तेव्हा ‘तुमची फाइल करप्ट आहे’ असंच कळवा. तोही तीच फाइल पुन्हा पाठवेल, तुम्हीही पुन्हा तेच कळवाल. पत्रव्यवहार वाढतो, ओळख वाढते.

दुरुस्तीच्या आज्ञांपासून लांब राहा. रिकव्हर ही आज्ञा न उघडणाऱ्या फाइलसाठी आहे. ऑडिट ही उघडलेल्या पण कुरकुरणाऱ्या फाइलसाठी. कुणी फारच आग्रह केला तर ऑडिट चालवा, पण एक पथ्य पाळा. ती विचारते, सापडलेल्या चुका दुरुस्त करू का? इथे न वाचता एंटर मारायचा. या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ हे आहे, त्यामुळे ऑडिट इमानेइतबारे सगळ्या चुका मोजते, आकडा सांगते आणि एकीलाही हात न लावता निघून जाते. तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता : ‘ऑडिट केलं, काही फरक पडला नाही.’ (ज्याने हे ‘नाही’ तिथे ठेवलं त्याला माणसांची चांगली पारख असावी.) कोऱ्या ड्रॉइंगमध्ये बिघडलेली फाइल ब्लॉक म्हणून इन्सर्ट करणं, डब्ल्यूब्लॉकने हवा तेवढाच भाग बाहेर काढणं, डीएक्सएफ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेऊन परत आणणं हे सगळे बुजुर्गांचे नाद आहेत. त्यांना वेळच वेळ असतो.

एक्सरेफ (ड्रॉइंगला बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग) सापडत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, या तक्रारी बारक्या. मुख्य ड्रॉइंग तेवढी मेल करा. जोडलेल्या फाइली आणि फॉन्ट ईट्रान्समिट या आज्ञेने एका झिपमध्ये जातात, पण मग समोरच्याचा फोन येणार कसा? सॉलिडवर्क्स हे यंत्रांच्या भागांचं कॅड वापरणाऱ्यांनीही खट्टू होऊ नये. असेंब्लीतले पार्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन थेट रिनेम करा. असेंब्ली त्यांना जुन्या नावानेच शोधत बसेल.

एवढं सगळं करूनही फाइल उघडली नाही, आणि उघडायचं काही कारणच नाही, की मग मुख्य विधी. रिइन्स्टॉल.

इथे काही शंकेखोर विचारतील की बिघाड फाइलमध्ये आहे, तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकल्याने फाइल कशी बरी होईल? त्यांना सांगा, आग रामेश्वरी असली तरी बंब सोमेश्वरीच जायला हवा, कारण बंब जाताना लोकांना दिसतो. रिकव्हर चालवणारा माणूस गप्प बसलेला दिसतो. रिइन्स्टॉल करणाऱ्याच्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकत असते. साहेब मागून जाताना पट्टी बघतात आणि काही बोलत नाहीत.

शिवाय रिइन्स्टॉलची खरी गंमत पुढेच आहे. समजा, एक दिवस कंट्रोल ओ दाबल्यावर फाइल निवडायची नेहमीची खिडकी येईनाशी झाली. खाली कमांडलाइनवर नुसतं फाइलचं नाव विचारतं. कारण बहुधा एवढंच, की एखादी लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा स्क्रिप्ट मध्येच मेली आणि जाताना फाइलडाया हे व्हेरिएबल शून्य करून गेली. कमांडलाइनवर फाइलडाया लिहून १ दिला की खिडकी हजर. पण आपण सॉफ्टवेअर काढायचं आणि पुन्हा टाकायचं. तासाभराने कंट्रोल ओ दाबलं की तेच! ही सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, तुमच्या नावाच्या कप्प्यात असते, आणि नेहमीच्या अनइन्स्टॉलमध्ये तो कप्पा आणि रोमिंग फोल्डरमधला तुमचा संसार तसाच राहतो. नवं सॉफ्टवेअर येतं, जुना कप्पा उघडतं आणि जुनंच दुखणं अंगावर चढवतं. स्टार्ट मेनूत ‘रिसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट’ नावाची ओळ आहे, ती हाच कप्पा साफ करते आणि आधी जुन्या सेटिंगची प्रत ठेवू का असंही विचारते. ती ओळ स्टार्ट मेनूत आहे, म्हणजे तिथे कुणी बघत नाही.

लिस्पवरून आठवलं. क्लायंटच्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगच्या शेजारी एसीएडी.एलएसपी नावाची एक फाइल आपोआप उगवलेली दिसली, तर तिला नांदू द्या. ती ड्रॉइंगसोबत स्वतःच लोड होऊ शकते आणि या जातीचे व्हायरस अशाच फाइलींतून, तुम्ही उघडाल त्या फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकत फिरतात. सॉफ्टवेअर तीनदा टाका, फाइल फोल्डरमध्येच आहे. पहिली ड्रॉइंग उघडताच पुन्हा भेट होईल. २०१४ च्या आवृत्तीपासून अशी फाइल लोड करू का असं विचारणारी चौकट येते. पण चौकटींचं काय करायचं हे आपण सुरुवातीलाच ठरवलं आहे.

अनइन्स्टॉल करताना कंट्रोल पॅनेलच्या यादीवर नजर टाका. व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या, इतर सॉफ्टवेअरना चालायला लागणाऱ्या घटकांच्या कितीतरी ओळी दिसतील : २००८, २०१०, २०१२, २०१३, त्याही प्रत्येकी दोन-दोन. एवढ्या कशाला? एक ठेवा, बाकी काढा. ज्या सॉफ्टवेअरला ज्या सालची हवी असते ते त्याच सालची मागतं, हे पुढे कळेलच. बहुधा कॅड पुन्हा टाकताना, हिरवी पट्टी टोकाला पोचल्यासारखी वाटेल तेव्हा १६०३ हा आकडा येईल. विंडोज इन्स्टॉलरच्या भाषेत याचा अर्थ ‘इन्स्टॉल करताना जीवघेणी चूक झाली’ एवढाच. कुठली, ते तो सांगत नाही. सांगतो खरं तर, पण टेम्प फोल्डरमधल्या लॉग फाइलमध्ये. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधलं की त्याच्या थोडं वर खरं कारण लिहिलेलं असतं : अमुक फाइलला हात लावायची परवानगी नाही, तमुक घटक सापडत नाही. पण टेम्प फोल्डर तर आपण मघाशी साफ केलं आणि पुन्हा करणार आहोत.

१६०३ आला की थेट कॉम्प्युटरच फॉरमॅट. अनइन्स्टॉलने जे जुनं दुखणं जात नव्हतं ते याने जाईल, आणि त्याच्याबरोबर जे जायला नको तेही : वर्षानुवर्षं जमवलेल्या पेनजाडीच्या सीटीबी फाइली, बोटांत बसलेल्या शॉर्टकटची एसीएडी.पीजीपी, प्लॉटरच्या सेटिंग, सहकाऱ्याने जाताना देऊन गेलेल्या लिस्प. हे सगळं एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घेता येतं. पेनड्राइव्ह त्या वेळी सापडणार नाही याची काळजी घ्या. मग दुसऱ्या दिवशी भिंतीची रेघ आणि फर्निचरची रेघ एकाच जाडीची छापून येईल आणि तुम्ही म्हणाल, ‘नवीन आवृत्तीत प्लॉटिंगचा प्रॉब्लेम आहे.’

तर विंडोज नवं, ऑटोकॅड नवं, आयकॉन मोजके, सगळं चकचकीत. ड्रॉइंगवर डबलक्लिक करा. मधोमध चौकट येईल. नेमका याच वेळी शेजारच्या टेबलावरचा पोरगा खुर्ची सरकवत येतो, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये बघतो आणि म्हणतो, ‘सर, इथे .बीएके आहे की.’ तिची कॉपी करतो, शेपटी बदलतो, ड्रॉइंग उघडते. त्याला शाबासकी देऊ नका. भुवया वर करून विचारा, ‘हे काल सांगायला काय झालं होतं?’