घर विकणे आहे, घाई नाही

या उन्हाळ्यात आमच्याकडच्या दोन गोष्टी बाजारात होत्या. एक मी आणि दुसरं आमचं घर. मी आधी खपलो. तेही सांगितलेल्या भावाच्या बरंच खाली. पण चव्वेचाळीस वर्षांचं बांधकाम, त्यात वरचा मजला विरळ झालेला, म्हटल्यावर घासाघीस व्हायचीच. घर मात्र अडून बसलं होतं.

आधीच्या कंपनीने नागपूरचं ऑफिस गुंडाळल्यावर काही महिने आम्ही क्रेडिट कार्डावर काढले. घराच्या वरच्या मजल्याचं कर्ज होतंच, त्यावर पर्सनल लोनची गच्ची चढली. मग ठरलं, की मानेवाड्याचं घर विकायचं, सगळी देणी फेडायची आणि उरलेल्या पैशांत बेसा-बेलतरोडीकडे लहानसा फ्लॅट घ्यायचा. मिहानमधली नवी नोकरीही तिथून जवळ. कागदावर हे गणित इतकं देखणं दिसत होतं, की मी तो कागद मोठ्या कौतुकाने बायकोच्या हातात दिला. तिने पाठकोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहिली.

ब्रोकरने पहिल्याच भेटीत गुरुमंत्र दिला. "साहेब, बाकी सगळं मी पाहून घेतो. तुम्ही फक्त गरज हाये असं दिसू देऊ नका. चेहरा निवांत ठेवा. नडलेला माणूस पार्टीले वासावरून समजते."

नोकरीच्या वेळी कन्सल्टंटनेही नेमकं हेच बजावलं होतं. मुलाखतीत "आमच्याकडे का यावंसं वाटलं?" या प्रश्नाला "पाच तारखेला हप्ता आहे" हे उत्तर चालत नाही. मी "नवी आव्हानं हवी आहेत" असं म्हणालो. घर पाहायला आलेले "काहून विकून राहिले?" विचारायचे, तेव्हा "एवढं मोठं घर आता कोण झाडणार" असं म्हणायचो. दोन्हीकडे समोरच्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि दोन्हीकडे खरं कारण त्याला ठाऊक होतं.

फक्त, निवांत दिसायला पैसे लागतात हे दोघांपैकी कोणी सांगितलं नाही.

मी रुजू झालो बावीस तारखेला. पगाराची यादी वीस तारखेला बंद होते, म्हणजे पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीला, हे एचआरमधल्या मुलीने "नो वरीज, सर" म्हणत सांगितलं. मग तिने सीटीसीचा, म्हणजे मी कंपनीला वर्षाला एकूण कितीला पडणार त्याचा, कागद समजावून दिला. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा माझ्याच नावावर खर्ची पडलेला होता. पाच वर्षं टिकलो तर मिळणारी ग्रॅच्युइटीही आत्ताच मोजून ठेवली होती. शेवटी हातात काय येणार ते लहान अक्षरांत होतं. प्रोफेशनल टॅक्स दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २५०० होतात. सगळ्यात लहान महिन्याला सगळ्यात मोठा कर! ज्याने हे बसवलं त्याला महिनाअखेर म्हणजे काय हे माहीतच नसावं. मी निवांतपणे सही केली.

पहिल्याच आठवड्यात टीमने जाहीर केलं, की नव्या माणसाने तर्री-पोहे खाऊ घालायची इथली पद्धत आहे. सगळे गेटाबाहेरच्या ठेल्यावर जमले. पोह्यांच्या ढिगावर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कांदा आणि चिवडा. प्लेट जराशी कलली की तेलाचा लाल ओघळ कडेकडेने अंगठ्यापर्यंत येतो. पोरं तो चाटून पुन्हा प्लेट पुढे करत होती. "सर, तर्री एक्स्ट्रा चालेल ना?" मी म्हणालो, "अरे, घ्या ना बे!" त्या 'बे'मध्ये जो दिलदारपणा होता तो क्रेडिट कार्डाच्या शिल्लक मर्यादेत बसत नव्हता. मी स्वतः कोरे पोहे खाल्ले आणि अ‍ॅसिडिटीचं नाव सांगितलं.

घराकडे याहून बिकट होतं. नागपुरात मे महिन्यात कोणी कोणाचं घर भर दुपारी पाहायला जात असेल असं मला वाटत नव्हतं. पण लोक दुपारीच यायचे. कारण फार उशिरा लक्षात आलं: आमचा कूलर. बाबांनी बनवून घेतलेला, पत्र्याचा, अर्धी खिडकी व्यापणारा. त्यात नव्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या होत्या, घराला वास चांगला यावा म्हणून. पार्टी खोल्या दोन मिनिटांत बघायची आणि मग कूलरसमोर जी बसायची ती उन्हं कलेपर्यंत. एक काका तर घोरले. त्यांनी घराबद्दल अभिप्राय दिला तो असा: "हवा चांगली खेळते."

आलेल्याला सरबत द्यावं लागतं. उन्हाळ्यात लिंबाचे भाव काय असतात ते सर्वांना माहीत आहे. बायकोने शिस्त लावली, की नुसते पाहायला आलेले असतील त्यांना माठाचं पाणी आणि भाव विचारतील त्यांना सरबत. पण अंमलबजावणी आईकडे होती, आणि आईच्या राज्यात वर्गवारी नव्हती. ती शेजारच्या ले-आऊटमधून नुसत्या चौकशीला आलेल्या बाईलाही सरबत द्यायची आणि वर तिला सगळा इतिहास सांगायची. "नळ येते ना, पण पहाटे उठावं लागते. मोटर जळली होती मागं. आता याची नोकरी गेली ना, म्हणून विकून राहिलो. नाहीतर असं घर कोण विकते?"

आम्ही कमावलेला निवांतपणा आई एका वाक्यात खर्च करायची. मी समजावलं, की आई, नोकरीचं सांगू नको. तिने ऐकलं. पुढच्या पार्टीला म्हणाली, "याची नोकरी गेली होती हे सांगायचं नाही म्हणते तो."

नागपुरात घर विकायला काढलं की पहिला प्रश्न किती खोल्या हा नसतो. "आरएल आहे का?", म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र आहे का, हा असतो. आमच्या भागातले कितीतरी ले-आऊट मंजुरीशिवाय पडलेले. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, मग बाबांनी एनआयटीची, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची, डिमांड नोट भरली आणि ते पत्र मिळवलं. मूळ पत्र बँकेकडे गहाण. पण आईने त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून देवघरात ठेवली आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग लॅमिनेशनवर पक्का बसला आहे. एका पार्टीच्या वकिलाने तो डाग नखाने खरवडून पाहिला. त्याला तो एखाद्या ऑफिसचा शाईचा शेरा वाटला असावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीने वस्त्यांत शिरून लोकांच्या पलंगाखालचं सामान बाहेर काढलं. तेव्हापासून नागपुरात कोणतंही घर पाहताना लोक आधी जमिनीकडे पाहतात. आमचं घर अंबाझरीपासून कितीतरी लांब, त्या रात्री अंगणातली चप्पलसुद्धा हलली नव्हती. तरी प्रत्येक जण विचारायचा, "त्या वर्षी पानी घुसलं होतं का जी?" मी ठामपणे नाही म्हणायचो. आणि म्हणताना नजर आपोआप लोखंडी कपाटाकडे जायची, कारण ओल त्या कपाटामागे होती. ती पुराची नव्हती, वरच्या मजल्याच्या बाथरूमची होती. दुरुस्तीला मिस्त्रीने जो आकडा सांगितला त्यापेक्षा कपाट सरकवणं स्वस्त पडलं.

वास्तुवाले एक गृहस्थ मोबाइलमधलं होकायंत्र हातात धरून सगळ्या खोल्यांतून फिरले, संडासाच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "हे ईशान्येले आलं ना. म्हणूनच नोकरी गेली तुमची." त्यांना नोकरीचं कोणी सांगितलं हे विचारायची गरज नव्हती.

एक पार्टी मात्र खरंच बसली. भाव मान्य, घर पसंत, आणि त्या भल्या माणसाने उठता उठता खिशातून पाकीट काढलं. "शकुनाचे ५१ हजार. टोकन म्हणून ठेवा." रोख! त्या आठवड्यात माझ्या खात्यात चार आकडी रक्कम होती, आणि तीही चारातली लहान. पण माझा भाचा सीए आहे आणि त्याने आधीच दम भरला होता, की मामा, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घ्यायची नाही, घेतली तर तेवढाच दंड बसेल. मी ते पाकीट परत दिलं. "चेक द्या किंवा खात्यात टाका, घाई नाही." इतका निवांत मी आयुष्यात कधी दिसलो नसेन. ती पार्टी चेक आणायला म्हणून गेली, ती अजून चेक आणते आहे.

त्याच भाच्याने करही समजावला. बाबांनी १९९२ साली घेतलेला प्लॉट, म्हणून २००१ ची किंमत धरून हिशेब करता येतो. मग एकतर नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा महागाईचा हिशेब लावून वीस टक्के, जे कमी पडेल ते. आणि नफा दोन वर्षांत नव्या घरात घातला तर तेवढ्यावर काहीच नाही. मी सगळं ऐकलं. मला त्यात 'नफा' हा शब्द फार आवडला.

बँकेचं त्रांगडं वेगळंच होतं. कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये ग्राहकाला मोजायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सोन्यासारखा नियम. पण कर्ज फेडायला पैसे पार्टीकडून येणार, पार्टी मूळ कागद बघितल्याशिवाय पैसे देणार नाही, आणि कागद कर्ज फिटल्याशिवाय निघणार नाहीत. ब्रोकरला याचं काहीच वाटलं नाही. पार्टीने लोन काढलं की तिची बँक आपल्या बँकेचा हिशेब चुकता करते आणि कागद परस्पर घेते, म्हणाला. तुम्ही फक्त फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र, आणि कागदांची यादी काढून ठेवा. ते काढायला बँकेत कामाच्या दिवशी जावं लागतं, आणि मी प्रोबेशनवर. शेवटी बायको गेली. तिथल्या माणसाने तिला विचारलं, "काहून बंद करून राहिले मॅडम लोन? काही अडचण?" तिने निवांतपणे सांगितलं, "नाही, पैसे आले."

आता ब्रोकरशी बोलायचं कुठून? ऑफिसात फोन आला की साहेब मान वर करतात. घरी बोललो की आई ऐकते, आणि आईने ऐकलं म्हणजे पुढच्या पार्टीने ऐकलं. उरली मेट्रो. छत्रपती चौकात बसायचं, खापरीला उतरायचं. वर्धा रोडवर वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली महामार्ग असा ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर आहे, २०२२ साली गिनीज बुकात नोंद झालेला. त्या विक्रमी लांबीवर मी आमच्या घराचे सगळे व्यवहार केले. सांगायचे पंच्याऐंशी लाख, पण शेवटचे किती, हप्ता किती थकला, कपाटामागे काय आहे, सगळं तोंडावर हात धरून. तोंडावर हात धरला की माणूस मोठ्याने बोलतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या सीटवर रोज एक गृहस्थ असायचे, मांडीवर डब्याची पिशवी, डोळे मिटलेले. एकदा मी फोन ठेवला तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "वास्तुवाल्याचं मनावर घेऊ नका जी." दुसऱ्या एका दिवशी, "पंच्याहत्तरवाल्याले उभंही करू नका." मला बरं वाटलं. नवीन ऑफिसात अजून कोणी एवढं आपुलकीने बोललं नव्हतं.

मग एका सकाळी त्यांनी डोळे उघडले. "रविवारी येऊ का पाहायला? बायकोले घेऊन?"

आले. सरबत पुढे केलं तर म्हणाले, "राहू द्या, लिंबं महाग झाले." आरएल विचारलं नाही, पाण्याचं विचारलं नाही. सरळ आतल्या खोलीत गेले, लोखंडी कपाटाची एक बाजू धरली आणि मला म्हणाले, "तिकून धरा तुम्ही." आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं. त्यांनी ओल पाहिली, बायकोला दाखवली. ती म्हणाली, "तुम्ही म्हटलं त्यापेक्षा कमीच आहे." मग सगळे बाहेर येऊन कूलरसमोर बसले.

"तर भावाचं काय म्हणता?"

मी चेहरा निवांत केला. "पंच्याऐंशी. घाई नाही."

"अठ्ठ्याहत्तर ना जी," ते शांतपणे म्हणाले. "बुधवारी बोलले होते तुम्ही. जयप्रकाश नगर यायच्या आधी."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर कायचे? सूनबाई तर शहात्तरला पण तयार आहे."