रडलो ते खरंच, पण… (ऐरोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ऐरोलीकर,

तुमची प्रतिक्रिया वाचून त्याच रात्री एक उत्तर खरडलं होतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "हे उत्तर नाही, पार्किंगवरून भांडल्यासारखं वाटतंय." म्हणून ते पुसलं. हे दुसरं, चार दिवसांनी लिहिलेलं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. १४ ऑगस्टला आमच्या कोलशेत रोडच्या सोसायटीने क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून ‘बॉर्डर’ दाखवला, १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवरचा सिनेमा. त्यावर मी पोस्ट लिहिली. त्यात मी रडलो हेही लिहिलं, आणि हा सिनेमा आपल्याला फसवून रडवतो, देशप्रेमाचा बाजार मांडतो, असंही लिहिलं. घोषणा देणाऱ्या पोरांना ‘उन्मादी’ म्हटलं. त्यावर ऐरोलीकरांनी लिहिलं: "एसीत बसून रडायचं आणि दुसऱ्या दिवशी हुशारी पाजळायची, याला दुटप्पीपणा म्हणतात. माझा चुलतभाऊ आत्ता राजौरीत आहे. त्याच्या बायकोसमोर ही पोस्ट मोठ्याने वाचून दाखवाल का?"

नाही, दाखवणार नाही. का, ते ओघात येईल. (आणि क्लबहाऊसचा एसी त्या दिवशी बंद होता. पण तो तुमचा मुद्दा नाही, कळतं मला.)

आधी जिथे मी चुकलो ते. ‘बाजार’ हा शब्द मागे घेतो. दिग्दर्शक जे. पी. दत्तांचा भाऊ हवाई दलात वैमानिक होता आणि मिग विमानाच्या अपघातात गेला. हे मला पोस्ट लिहिताना माहीत होतं, तरी तो शब्द हातून सुटला, कारण वाक्यात तो छान बसत होता. भाऊ गमावलेल्या माणसाने सैनिकांवर काढलेल्या सिनेमाला बाजार म्हणणं हलकटपणाचं होतं.

‘उन्मादी’ हाही. त्या पोरांतला एक रोज पहाटे उपवनला धावायला जातो, भरतीसाठी. हे मला आमच्या गेटवरच्या वॉचमनकाकांनी सांगितलं. काका स्वतः माजी सैनिक, नाईक म्हणून निवृत्त झालेले, आणि त्या पोराला सोळाशे मीटरची वेळ तेच लावून देतात. सिनेमा सुरू होण्याआधी सेक्रेटरींनी या काकांच्या हातात माइक दिला, "दोन शब्द बोला" म्हणून. सगळे गंभीर होऊन बसले. काका म्हणाले, "पाहुण्यांच्या गाड्या रॅम्पवर लावू नका. ॲम्ब्युलन्स आली तर वळायला जागा नाही." आणि माइक परत दिला. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना. मूळ पोस्टमध्ये हा प्रसंग लिहायला हवा होता, तो सोडून मी पोरांवर घसरलो. रणगाडे उडत होते तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या होत्या, हेही लिहिलं नव्हतं.

‘फसवून रडवतो’ हे मात्र मागे घेत नाही.

राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवालात ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री काय झालं, ते गुपित नाही. २३ पंजाब या बटालियनची एक कंपनी, सुमारे १२० माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून चाळीसहून जास्त रणगाडे आणि दोनेक हजारांची फौज. जैसलमेरला हंटर विमानं होती, पण त्यांना रात्री लढता येत नव्हतं. म्हणजे उजाडेपर्यंत जागा धरून ठेवायची, एवढंच काम. ‘एवढंच’ म्हणतोय, पण तुम्ही समजून घ्याल. पुढे काटेरी तार दिसल्यावर पाकिस्तानी रणगाडे सुरुंग असतील या भीतीने थबकले आणि तिथे त्यांचा मोलाचा वेळ गेला. बरेचसे मऊ वाळूत रुतले. त्यांच्या डोक्यावर स्वतःची विमानं नव्हती. सकाळी हंटर आले आणि खेळ संपला. श्रेय लष्कराचं की हवाई दलाचं, यावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये बरीच वर्षं वाद चालला. माझ्या पोस्टमधलं ‘विमानांनी वाचवलं’ हे वाक्य त्या वादात एका बाजूने पडल्यासारखं झालं, तेवढी दुरुस्ती करतो. रात्र कुणी काढलीच नसती तर सकाळच्या विमानांना वाचवायला कोण उरलं असतं?

आता मला खुपणारी गोष्ट. त्या लढाईत आपले दोन जवान गेले. दोन. सिनेमात किती जातात ते तुम्ही पाहिलंय. सीमा सुरक्षा दलाचा भैरोसिंग पडद्यावर मरतो, आणि त्याच्या मरणाला मी १९९७ मध्ये रडलो, परवाही रडलो. खरे भैरोसिंग राठोड त्या रात्री मेले नाहीत. त्यांना सेना मेडल मिळालं, ते निवृत्त झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरच्या रुग्णालयात वारले, वय ८१. लेफ्टनंट धरमवीर पडद्यावर मरतो. खरे धरमवीर कर्नल होऊन निवृत्त झाले. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा ही दोन्ही माणसं जिवंत होती, चहा पीत होती, आणि अख्खा देश त्यांच्यासाठी रडत होता.

माझी तक्रार समजून घ्या. सिनेमाने थोडंफार वाढवून सांगावं, याला माझी ना नाही. पण एवढ्या कमी माणसांनी एवढ्या मोठ्या फौजेला रात्रभर थोपवलं आणि त्यातले जवळजवळ सगळे जिवंत राहिले, ही खरं तर किती मोठी बातमी आहे! ती आपल्याला पुरत नाही. जवान मेला तरच आपला गळा दाटतो. हा दोष सिनेमाचा कमी आणि माझ्यासारख्या प्रेक्षकाचा जास्त असेल, पण सिनेमा त्या दोषावरच चालतो.

१९९७ चा उल्लेख आला म्हणून सांगतो. मी आठवीत होतो. सिनेमा १३ जूनला लागला आणि त्याच दिवशी दिल्लीच्या ‘उपहार’ थिएटरात, हाच सिनेमा चालू असताना, आग लागून ५९ माणसं गेली. आमच्या घरी त्यानंतर महिनाभर सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. मग साताऱ्याहून मोठे मामा राहायला आले आणि म्हणाले, चला. आईची अट एकच: दाराजवळच्या खुर्च्या घ्यायच्या. ठाणे स्टेशनजवळच्या एका जुन्या थिएटरात आम्ही अगदी कडेला, एक्झिटच्या लाल दिव्याखाली बसलो.

मामा १९७१ मध्ये एएससीत, म्हणजे लष्कराला रसद पोचवणाऱ्या विभागात, ड्रायव्हर होते. लोंगेवालाला नव्हते, बाडमेरच्या बाजूला होते. सिनेमाभर ते माझ्या कानात भलतंच काहीतरी कुजबुजत राहिले. वाळूत घालायच्या आधी टायरची हवा कमी करावी लागते. रात्री हेडलाइट बंद; पुढच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर पांढरा रंग फासलेला असतो, त्यावर एक बारीक दिवा पडतो, आणि तेवढ्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत मैलोन् मैल गाडी हाकायची. डुलकी लागली तर पुढच्याच्या बुडावर. पडद्यावर धडाधड तोफा चाललेल्या आणि मामा विचारतायत, "एवढा दारूगोळा आणला कुणी? त्याला दाखवलाच नाही!" पुढच्या रांगेतल्या एकाने वळून ‘शूऽऽ’ केलं, तेव्हा गप्प बसले.

मग लढाई संपली. शेवटचं गाणं लागलं, ‘मेरे दुश्मन मेरे भाई’. आणि थिएटर उठलं. डोअरकीपरने दारं उघडली, बाहेरचं ऊन आत आलं, लोक आमच्या गुडघ्यांवरून बाहेर पडायला लागले. कडेला बसल्याचा तोटा. मी उठलो तर मामांनी मनगट धरून खाली बसवलं. त्या रेटारेटीत, पडदा नीट दिसत नसताना, ते गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. बाहेर येऊन विडी पेटवली आणि म्हणाले, "भूक लागली." त्यांना त्या गाण्यात काय वाटलं, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

तुम्ही लिहिलंय की असे सिनेमे पाहून निदान दोन-तीन तास तरी सगळा देश एक होतो, आणि माझ्यासारखे लोक त्यात खडा टाकतात. पण ऐरोलीकर, ज्या सिनेमाची बाजू घेऊन तुम्ही मला झापताय, तो सिनेमा संपतो शत्रूला भाऊ म्हणून. खडा दिग्दर्शकानेच टाकून ठेवलाय. फक्त तो पडेपर्यंत आपण रिक्षाच्या रांगेत पोचलेलो असतो. परवा क्लबहाऊसमध्येही तेच झालं. गाणं सुरू झालं आणि कुणीतरी दिवे लावले, कारण समोसे गार होत होते. १९९७ मध्ये कारगिल व्हायचं होतं. नंतरच्या युद्धपटांत असा शेवट करायला कुणी धजावेल असं मला वाटत नाही, आणि धजावला तर त्याला तुमच्यापेक्षा कडक प्रतिक्रिया येतील.

तेव्हा दुटप्पीपणा म्हणाल तर तो आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. चिठ्ठ्यांच्या त्या गाण्याला घसा दाटतो तो दाटतोच. पण घसा दाटला म्हणून सिनेमा जे जे म्हणतो त्याला माझी सही झाली, असं होत नाही. तेरवीला भजनात रडणारा माणूस दुसऱ्या दिवशी भटजींच्या हिशोबावर हुज्जत घालतोच की.

आणि सिनेमा म्हणतो काय, त्याचं एकच उदाहरण देतो, ते खरं तर पोस्टचं पोटदुखणं होतं आणि मी ते नीट मांडलं नाही. मथुरादास आठवतो? बायको आजारी आहे म्हणून सुट्टी मागणारा. सुट्टी मंजूर होते तेव्हा त्याला आनंद होतो आणि त्या आनंदाबद्दल त्याला सगळ्यांसमोर झापलं जातं. मग तो परत येतो आणि लढताना मरतो, तेव्हा कुठे सिनेमा त्याला माफ करतो. हा प्रसंग मी आठवीत पाहिला तेव्हा मलाही तो भित्रा वाटला होता. परवा पाहिला आणि आतून संताप आला. सुट्टी! फौजेतल्या घरांमध्ये वर्षभर दुसरं काय बोलतात हो? मामींच्या घरी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेले असायचे, आणि तार आली की खोडलेले. सुट्टी मागणं ही तिथली सगळ्यात साधी गोष्ट. तिला भेकडपणा ठरवून टाळ्या घ्यायच्या, आणि त्या टाळ्या आम्ही द्यायच्या, ज्यांना गणपतीची रजा एका ईमेलवर मिळते!

तुमच्या वहिनींसमोर पोस्ट का वाचणार नाही, ते हेच. तिच्यात मी दोन हजार शब्द माझ्या अश्रूंवर आणि पोरांच्या घोषणांवर खर्च केले आणि मथुरादासला दीड ओळ दिली. वहिनींना त्यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मत चुकलं म्हणून नाही, माणसं चुकली म्हणून. ‘बाजार’ आणि ‘उन्मादी’ असलेली दोन वाक्यं आज काढली आहेत, बाकी पोस्ट तशीच ठेवतोय. तिच्याखालची तुमची प्रतिक्रियाही तशीच राहील.

भावाला गणपतीत सुट्टी मिळाली का, तेवढं कळवा.